टिकाऊ चाकू कसा ओळखावा

खिशातला घडीचा चाकू एका फटक्यात मोडला असे क्वचितच घडते. तो हळूहळू निकामी होतो, आणि तसे होण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. सांध्यात पाणी आणि केर साचून गंज चढतो, पाते उघडेनासे होते. रिवेट झिजते आणि पाते डावी-उजवीकडे डुलू लागते. रंगाचा डबा उचकटताना टोक तुटते. चौथी वाट सर्वांत जास्त चाकू खाते : धार जाते, ती परत लावता येत नाही, चाकू खणात पडतो आणि पुन्हा बाहेर निघत नाही.

दुकानात चाकू पाहताना या चारांपैकी एकही गोष्ट आपल्या डोक्यात नसते. पात्याची जाडी, पॉलिश, मुठीत बसवलेल्या हत्यारांची संख्या आणि अलीकडे पोलादाच्या जातीचे नाव, एवढ्यावर खरेदी उरकते. या प्रकरणात क्रम उलटा धरला आहे. चाकू कशाने जातो ते आधी पाहायचे, मग कशाने टिकतो ते कळायला फार वेळ लागत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : रोज जवळ बाळगायचा चाकू लहान असावा, पातळ पात्याचा असावा, त्याचे पोलाद मध्यम कठीण असावे, आणि घरच्या साध्या दगडावर पाव तासात त्याला धार लागावी.

लहान का, याचे उत्तर रोजच्या कामात आहे. कुरिअरच्या खोक्याची टेप, गाठ न सुटणारी सुतळी, पेरूच्या फोडी, पेन्सिलीचे टोक, खताच्या किंवा सिमेंटच्या गोणीची शिवण, गडावर मुक्काम पडला तर कांदा-बटाटा. यांतल्या कोणत्याही कामाला ७-८ सेंटिमीटरपेक्षा मोठे पाते लागत नाही. मोठा चाकू खिशात बोचतो, मग तो पिशवीत जातो, पिशवीतून घरी राहतो. जवळ नसलेला चाकू कितीही मजबूत असला तरी त्याचा उपयोग शून्य.

लांबीचा संबंध कायद्याशीही आहे, आणि तो माहीत असलेला बरा. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. दिल्लीत याहून कडक बंधन आहे. तिथल्या १९८० च्या अधिसूचनेत बटनाने, स्प्रिंगने किंवा तशाच यांत्रिक युक्तीने उघडणाऱ्या चाकूंसाठी पात्याची मर्यादा ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद अशी ठेवली आहे. महाराष्ट्रात महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, मोर्चे अशा वेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, आणि त्या कलमात चाकूचा उल्लेख स्पष्ट आहे. असा आदेश लागू असताना खिशातला चाकू घरी ठेवावा. विमानाच्या केबिनमध्ये तो नेता येत नाही. नोंदवलेल्या सामानात टाकावा लागतो. खटका दाबताच झपकन उघडणारा चाकू आपल्याकडे पाहणाऱ्याला अवजार वाटत नाही, शस्त्र वाटतो. असे खटक्याचे चाकू घडवणाऱ्या रामपूरच्या कारागिरांच्या उत्तम कसबाला हिंदी सिनेमाने जे नाव चिकटवले त्याचा हा परिणाम आहे, आणि तो त्या कारागिरांवर अन्याय आहे. तरीही रोजच्या वापराला नखाच्या खाचेत नख घालून, दोन हातांनी, सावकाश उघडायचा चाकूच घ्यावा. त्याने कोणी दचकत नाही.

आता सांध्याकडे वळू. घडीच्या चाकूचे आयुष्य पात्यापेक्षा सांध्यात जास्त असते, आणि सांधा समजून घ्यायला स्विस सैनिकाच्या चाकूइतके चांगले उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या श्वीझ परगण्यात, इबाख या गावी, कार्ल एल्सनर याने १८८४ साली चाकूंचा कारखाना काढला. काही वर्षांतच स्विस लष्कराला शिपायासाठी घडीचा चाकू हवा झाला. १८८९ ची नवी श्मिट-रुबिन रायफल खोलायला पेचकस लागे, शिधा बंद डब्यांतून मिळू लागला होता म्हणून डबा फोडायचे पाते हवे, टोच्या हवा, आणि कापायचे पाते तर हवेच. १८९० च्या या नमुन्याचे पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगनहून आले, कारण एवढा माल वेळेवर देईल असा कारखाना देशात नव्हता. १८९१ मध्ये एल्सनरने आपला पहिला पुरवठा केला. झोलिंगनचा माल स्वस्त पडे. त्याच्याशी टक्कर देताना एल्सनर जवळजवळ बुडाला. त्याने पुढे जो हलका, नीटस चाकू तयार केला, अधिकाऱ्यांचा चाकू म्हणून ज्याची १२ जून १८९७ रोजी कायदेशीर नोंद झाली, त्याने कारखाना तरला. आज जगभर लाल मुठीचा म्हणून ओळखला जातो तो चाकू याच वंशातला.

१८९७ च्या त्या चाकूत हत्यारे सहा होती आणि कमानी दोनच. खरी कारागिरी इथे आहे. मुठीच्या पाठीकडून पोलादाची एक चपटी कमान जाते. पात्याच्या बुडाचा चौकटी भाग तिच्यावर दाबून बसतो. पाते मिटलेले असताना एक सपाट बाजू कमानीला टेकते, पूर्ण उघडल्यावर दुसरी टेकते, आणि मधल्या प्रवासात बुडाचा कोपरा कमानीला उचलतो. तो कोपरा ओलांडला की पाते आपोआप जागेवर जाऊन टक् असा आवाज करते. या रचनेत कुलूप नाही. पात्याला जागेवर धरते ते कमानीचे दडपण. एल्सनरने एकाच कमानीला दोन्ही टोकांना आणि पोटाकडे-पाठीकडे अशी अनेक हत्यारे पेलायला लावली, म्हणून चाकू जाड न होता कामाचा झाला.

याच कारखान्याने, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सने, जाहीर केलेले काठिण्याचे आकडे मला फार बोलके वाटतात. काठिण्य मोजायची रॉकवेल पद्धत १९१९ च्या अमेरिकन पेटंटापासून चालत आली आहे : हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या भाराने धातूवर दाबायचा आणि तो किती खोल रुतला ते पाहायचे. त्या मोजपट्टीवर या चाकूचे पाते ५६, करवत, कात्री आणि नखांची कानस ५३, पेचकस, डबा फोडायचे पाते आणि टोच्या ५२, आणि बूच काढायचा मळसूत्री खिळा व कमान ४९. एका मुठीत चार प्रकारची कठीणता. पात्याला धार धरायची असते म्हणून ते सर्वांत कठीण. पेचकसावर पीळ पडतो. तो पात्याइतका कठीण केला तर त्याची कड उडेल. कमानीला हजारो वेळा वाकून परत यायचे असते, म्हणून ती सर्वांत मऊ. पात्याच्या टोकाने स्क्रू फिरवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यामागचे कारण या आकड्यांत आहे. बाजारातल्या नकली लाल चाकूत सगळी हत्यारे एकाच पत्र्यातून ठोकलेली असतात. कमान लवकर दमते, पाते सैल पडते आणि वर्षभरात चाकू खुळखुळा होतो.

दुसरी परंपरागत रचना फ्रान्समधली. सावॉय प्रांतातल्या जोसेफ ओपिनेल या अठरा वर्षांच्या पोराने १८९० मध्ये बापाच्या लोहारशाळेत एक साधा चाकू घडवला. गोल लाकडी मूठ, तिला एक चीर, चिरेत पाते, आणि टोकाशी पोलादी कडे. १८९७ पासून तो क्रमांकांनी, लहान-मोठ्या बारा आकारांत मिळू लागला. १९५५ मध्ये त्यावर फिरते कडे बसले : पाते उघडून कडे फिरवले की चीर बंद होते आणि पाते मिटू शकत नाही. सगळा चाकू मिळून भाग पाच. रोजच्या वापरातला ८ क्रमांकाचा ओपिनेल साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, पण वजन जेमतेम ४५ ग्रॅम. यात कमानच नाही, त्यामुळे दमायला काही नाही. दुखणे एकच आहे, आणि आपल्या पावसाळ्यात ते हमखास उद्भवते : बीचचे लाकूड ओल पिऊन फुगते आणि चीर आवळून पात्याला घट्ट धरते. सावॉयच्या लोकांनी मूठ कडक जागेवर ठोकून पाते मोकळे करायची युक्ती काढली आहे. आपण त्यापेक्षा मृग लागायच्या आधी मुठीला आणि चिरेला जवसाचे तेल पाजावे. एकदा चोळून, रात्रभर सुकवून, पुन्हा एकदा. लाकूड मग फारसे पाणी घेत नाही.

गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत अमेरिकेत एका हाताने उघडायच्या चाकूंची लाट आली. १९८१ मध्ये स्पायडरको कंपनीने पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची पकड दिली. त्याच दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या कारागिराने लायनर लॉक सुधारून रूढ केले. यात मुठीच्या आतली पातळ पट्टी बाजूने सरकून पात्याच्या बुडामागे अडसर म्हणून उभी राहते. चांगल्या हातून बनले तर हे लॉक उत्तम. स्वस्तात बनले तर मात्र ते सर्वांत धोक्याचे, कारण पट्टी किंचित कमी सरकली किंवा मधे वाळूचा कण आला तर लॉक लागल्यासारखे दिसते आणि दाब पडताच सुटते. वाईट लॉकपेक्षा लॉक नसलेला चाकू बरा, असे मी ठामपणे म्हणतो. बिनकुलपाच्या चाकूने माणूस आपसूक जपून कापतो, टोक खुपसत नाही. लॉकवर भरवसा टाकला की बोटे नको तिथे जातात.

याच नव्या चाकूंत पाते झर्रकन उघडावे म्हणून बिजागरीत बॉल बेअरिंग घालतात. दुकानात त्याची मोहिनी पडते. समुद्रकाठी राहणाऱ्याने किंवा तांबड्या धुळीत काम करणाऱ्याने त्या मोहात पडू नये. बारीक कण गोळ्यांत शिरतात आणि करकर सुरू होते. पितळेचे किंवा ब्राँझचे साधे वॉशर असलेली बिजागरी थोडी जड चालते, पण वर्षानुवर्षे तशीच चालते. रिवेट की स्क्रू, या वादात माझा कौल सरळ आहे : स्वतः खोलून साफ करायची हौस असेल तर स्क्रू, नसेल तर रिवेट. स्क्रू सैल होतात आणि वेळीच आवळले नाहीत तर हरवतात.

आता चाकू हातात घ्या. दुकानदाराला घाई करू देऊ नका. आधी मिटलेला चाकू उजेडासमोर धरून पाठीकडून पाहा : कमान, पट्ट्या आणि मूठ यांच्या फटीतून उजेड येतो का? येत असेल तर जोडकाम ढिले आहे, घाम आणि केर तिथूनच आत जाणार. मग पाते हळूहळू उघडा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताण एकसारखा लागला पाहिजे, मधेच अडखळता कामा नये. पूर्ण उघडल्यावर पात्याचे टोक चिमटीत धरून आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवा. डावी-उजवीकडे केसभर हालचाल एकवेळ चालेल. वर-खाली अजिबात नको. मिटताना पाते दोन्ही बाजूंच्या मधोमध बसते का ते बघा, एका बाजूला घासत असेल तर वर्षभरात तिथे चरा पडेल. मिटलेल्या पात्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबा. आत कट् असा आवाज आला तर धार कमानीवर आपटते आहे. असा चाकू मिटताना दर वेळी स्वतःचीच धार मोडणार. शेवटी धार वर करून दिव्याखाली धरा आणि कडेवर नजर टाका. धारदार कड उजेड परतवत नाही, ती दिसतच नाही. जिथे चकाकणारा ठिपका किंवा रेघ दिसते तिथे ती बोथट किंवा तुटकी आहे. एवढे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि चाकूवर छापलेल्या कोणत्याही मजकुरापेक्षा यातून जास्त कळते.

पोलादाचा विषय मुद्दाम इतका मागे ठेवला, कारण हल्ली खरेदीदार तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

लोखंडात कार्बन मिसळला की पोलाद होते, आणि तापवून झटकन थंड केले की ते कठीण होते. आपले लोहार याला पाणी देणे म्हणतात. नुसते पाणी दिलेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते, म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवून त्याचा ताठा थोडा उतरवतात. व्हिक्टोरिनॉक्सचे पाते १०४० अंश सेल्सिअसला तापवून कठीण करतात आणि मग १६० अंशांवर शांत करतात. या दोन पायऱ्या बिघडल्या तर महागातले महाग पोलादही कामाचे नाही. साधे पोलाद नीट पाणी दिलेले असेल तर ते भारी नावाच्या, पण कसेतरी तापवलेल्या पोलादाला केव्हाही मागे टाकते. पाणी कसे दिले आहे हे पात्यावर छापलेले नसते. म्हणून पोलादाच्या नावापेक्षा बनवणाऱ्याच्या लौकिकाला वजन द्यावे.

गंज न चढणाऱ्या पोलादाची कथा शेफिल्डची. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी नवे मिश्रण शोधत होता. क्रोमियम भरपूर असलेले एक पोलाद आम्लाला दाद देत नाही हे त्याच्या लक्षात आले, आणि त्याला सुरीकाट्यांचा उपयोग सुचला. क्रोमियमची हवेशी गाठ पडून पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, खरचटला तरी तो पुन्हा तयार होतो. यासाठी साधारण साडेदहा टक्के तरी क्रोमियम लागते. पण खाऱ्या हवेतला क्लोराइड हा पापुद्रा जागोजाग फोडतो. वेंगुर्ल्याला किंवा अलिबागला राहणाऱ्यांच्या स्टेनलेस चाकूवरही टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके पडतात ते यामुळे.

इथे एक बारकावा आहे. मिश्रणात क्रोमियम किती घातले यापेक्षा मोकळे किती उरले हे महत्त्वाचे. कार्बन जास्त असेल तर तो क्रोमियमला पकडून कार्बाइडचे कण बनवतो. गुळाच्या पाकात शेंगदाणे अडकून चिक्की होते, तसे हे कण पोलादात रुतून बसतात. ते फार कठीण असतात, झीज अडवतात, धार पुष्कळ दिवस टिकवतात. पण त्यांत अडकलेले क्रोमियम गंजाशी लढायला उरत नाही. डी-२ या लोकप्रिय पोलादात क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास आहे, तरी कार्बन दीड टक्का असल्यामुळे ते पावसाळ्यात गंजते. विकणारा १२ टक्क्यांचा आकडा सांगतो, पुढचे सांगत नाही.

कार्बाइडचीच दुसरी गोष्ट धार लावणाऱ्याच्या कामाची. २००१ मध्ये अमेरिकेत आलेल्या एस-३०-व्ही या पोलादात ४ टक्के व्हॅनेडियम आहे. व्हॅनेडियम कार्बाइड कुरुंदापेक्षाही कठीण असते, आणि आपले बहुतेक दगड कुरुंदाच्या किंवा तशाच भुकटीचे. असे पाते साध्या दगडावर घासले तर भोवतालचे पोलाद झिजते, कण तसेच राहतात, आणि धार लागता लागत नाही. त्याला हिऱ्याची पट्टी हवी. हा चाकू महिनोन्महिने कापतो, पण एकदा बोथट झाला की खणात जातो. सुरुवातीला सांगितलेली चौथी वाट तीच. ५६ ते ५८ कठीणतेचे साधे स्टेनलेस पाते लवकर बोथटते हे खरे, पण दगडावर दहा-बारा हात फिरवले की पुन्हा तयार होते. माझ्या लेखी दुसरा चाकू जास्त टिकाऊ.

बिनक्रोमियमच्या कार्बन पोलादाची बाजूही घेतली पाहिजे. ओपिनेलच्या कार्बन पात्यात ०.९ टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. त्याला जी धार येते ती हातालाच कळते. लोखंडी विळी वापरलेल्या घरांत याचे गुणदोष सांगायला नकोत. केळफूल चिरले की तुरटपणातले टॅनिन आणि लोह मिळून काळे पडते, कैरी चिरल्यावर पुसायचे राहिले तर पात्यावर निळसर-करडे डाग उमटतात. हे डाग म्हणजे गंज नव्हे. उलट कालांतराने एकसारखा चढलेला हा करडा थर तांबड्या गंजाला थोडा आवर घालतो. घाटावर, कोरड्या हवेत राहणाऱ्याला आणि कापून झाले की लगेच पुसायची सवय असलेल्याला कार्बन पाते जरूर घ्या म्हणून सांगेन. कोकणपट्टीतल्या माणसाला आणि घामाने खिसा भिजतो अशा प्रत्येकाला स्टेनलेस.

पात्याची जाडी हा शेवटचा मोठा गैरसमज. जाड पाते मजबूत दिसते, पण कलिंगडात अर्ध्यावर अडकते, पुठ्ठ्यात पाचर ठोकल्यासारखे बसते. माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की हात सुटतो. ओपिनेलचे पाते दोन मिलिमीटरही जाड नाही आणि एकशे तीस वर्षांहून अधिक काळ शेतकरी, गुराखी, सुतार ते वापरत आले आहेत. जाड पाते उचकटायला लागते. उचकटायला पहार किंवा जुना पेचकस वापरावा.

मुठीबद्दल थोडक्यात : अ‍ॅल्युमिनियम सर्वांत निर्धास्त, चांगले प्लास्टिक हलके आणि पुरेसे, लाकूड हाताला सुखाचे पण तेल मागणारे, शिंग आणि हाड देखणे पण उन्हाळ्यात तडकणारे. ओल्या हाताने धरून पाहा, सरकली तर ती मूठ नको.

आता धार. रस्त्यावर कोरडे चाक फिरवून धार लावणाऱ्याकडे खिशातला चाकू देऊ नये. त्याचा हात वाईट असतो असे मुळीच नाही. विळी, कोयता, खाटकाचा सुरा त्याच्याकडे छान होतात. पण पातळ पात्याची कड कोरड्या चाकावर क्षणात तापते. पोलादावर २२० अंशांच्या पुढे गवती पिवळा रंग चढतो, ३०० च्या आसपास निळा. निळी झाक दिसली की तिथले पाणी उतरले, तेवढा भाग मऊ पडला, आणि तो घासून जाईपर्यंत धार धरणार नाही. शिवाय चाक एका फेरीत जेवढे पोलाद खाते तेवढे दगड वर्षभरात खात नाही.

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू जाडी, एक बारीक. दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. पाते दगडावर आडवे टेकवा आणि पाठ थोडी उचला. दीड सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ ५ मिलिमीटर उचलली की कोन २० अंशांचा होतो. रोजच्या चाकूला तो योग्य. तोच कोन राखून, बुडापासून टोकापर्यंत, धार पुढे करून पाते फिरवा, जणू दगडाचा पातळ पापुद्रा काढायचा आहे. जोर नको, चाकूच्या वजनाहून थोडासाच जास्त. काही हात झाले की दुसऱ्या अंगाला अंगठ्याचे पेर पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर जाईल असे अलगद ओढा. कडेला केसाएवढी खरखर लागली तर पोलाद कडेपर्यंत झिजून पलीकडे वळले आहे. ही खरखर बुडापासून टोकापर्यंत सलग लागेपर्यंत बाजू बदलू नका. बहुतेकांची धार बसत नाही ती इथेच घाई केल्यामुळे. मग दुसरी बाजू, मग बारीक दगडावर दोन्ही बाजू हलक्या हाताने आळीपाळीने, आणि शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून, वळलेली तार निघून जाईपर्यंत. वर्तमानपत्राचा कागद न फाटता सरळ कापला गेला की थांबा.

सांध्याची निगा याहून सोपी आहे. फळ कापल्यावर चाकू उघडाच धुवा, कोमट पाण्यात चार-सहा वेळा उघड-मीट करा, झटका, पुसा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय मिटू नका. दोन-तीन महिन्यांनी, पावसाळ्यात दर पंधरवड्याला, बिजागरीत एक थेंब तेल. फळे कापत असाल तर औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन, नसाल तर शिलाई मशीनचे तेल. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल घालू नका. ते हवेने चिकट होते आणि त्यात धूळ घट्ट बसते. चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून पावसाळा काढू नका, चामडे ओल धरते.

पहिलाच चाकू घेणाऱ्याला माझा सल्ला असा. घरात, प्रवासात, ऑफिसात वावर असेल तर दोन-तीन हत्यारांचा, अ‍ॅल्युमिनियमच्या मुठीचा स्विस चाकू घ्यावा. त्यातल्या दहा-पंधरा हत्यारांच्या जाड मॉडेलच्या वाटेला जाऊ नये. जाड मूठ हातात बसत नाही आणि त्यातली निम्मी हत्यारे कधी उघडली जात नाहीत. बाग, शेत, डोंगर आणि स्वयंपाक यांत रमणाऱ्याने स्टेनलेस पात्याचा ७ किंवा ८ क्रमांकाचा ओपिनेल घ्यावा. दोन्ही विश्वासू दुकानातूनच घ्या, पात्याच्या बुडाशी कोरलेली निशाणी बघून घ्या, कारण दोघांच्याही नकला सर्रास मिळतात. आणि चाकूसाठी जेवढे पैसे ठरवले असतील त्यातून दगडाचे पैसे आधी बाजूला काढा. मग उरलेल्यात जो बसेल तो चाकू घ्या.